अक्कांची काचेची किटली

आधीच सांगते, हा सत्कार नाही. महिला दिन आला की आमच्या उमरग्यात चार ठिकाणी आदर्श महिला निवडतात. शाल, नारळ, फोटो, वडापाव. एका वर्षी महानंदा अक्कांना बोलावणं गेलं. निरोप घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला त्यांनी दारातच विचारलं, “शाल कसली हाय?”

“चांगली असते, अक्का. गरम.”

“मग तुझ्या बायकोला दे. ती तुझ्यासंगं इतकी वर्षं राहिली. आदर्श ती हाय.”

आणि दार लावून घेतलं. कार्यकर्ता आमच्याच संघटनेचा होता. निरोप मीच पाठवला होता.

तेव्हा शाल नको. मी पत्रकं लिहिते. चार ओळींत अन्याय, पाचवीत मागणी, खाली सह्या, एवढीच माझी लिहिण्याची शाळा. माणूस लिहायला घेतला की हात अडतो. तरी लिहिते, कारण आमच्या गल्लीत अक्कांची गोष्ट आता दोन वाक्यांत उरकतात. “म्हातारपणी डोकं फिरलं. बिनदुधाच्या चहापायी राहतं घर घालवलं.” दोन्ही वाक्यं खोटी आहेत.

अक्का आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. त्याआधी त्या जागी त्यांचा नवरा होता. त्याला हायवेवर ट्रकनं उडवलं आणि अनुकंपा म्हणून त्याच्या जागी अक्का लागल्या. शिक्षण सातवी, तेही सीमेपलीकडच्या कानडी शाळेत. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही झाडायचं आणि काच धुवायची. बाकी कशाला हात लावायचा नाही.” अक्कांनी काच धुवायला घेतली. निवृत्त होईपर्यंत काचेबद्दल त्यांच्याइतक्या हक्कानं बोलणारं माणूस त्या इमारतीत उरलं नव्हतं. नवे प्राध्यापक बीकर उजेडाला धरून विचारायचे, “अक्का, हे चालेल?” अक्का नखानं एक टिचकी मारायच्या, आवाज ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या. “गार पाण्याला चालंल. तापवू नका, तोंडावर येईल.”

अंगानं काटक, साडी कायम इरकली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. बोलायच्या मराठीत, मोजायच्या कानडीत आणि भांडायच्या दख्खनी उर्दूत. काहीही ओतून देताना त्यांचा एक नियम होता. समोरच्यानं “साकु” म्हणायचं. साकु म्हणजे कानडीत पुरे. तुम्ही म्हणाला नाहीत तर अक्का ओततच राहायच्या. कप भरला, बशी भरली, स्टूल भिजलं तरी थांबायच्या नाहीत. “तोंड हाय ना? मग बोल की.” प्रयोगशाळेत आम्ल देतानाही हाच नियम. खेड्यापाड्यांतून, गल्लीबोळांतून आलेल्या आम्ही पोरी, घरी बापापुढं तोंड न उघडणाऱ्या. आम्लापुढं फार लवकर बोलायला शिकलो.

त्या आमच्याच गल्लीत राहायच्या, आमच्यापासून तीन घरं सोडून. सुलोचनाकाकूंच्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी बावीस वर्षं भाड्यानं घेतल्या होत्या. सुलोचनाकाकू म्हणजे खताच्या दुकानाच्या मालकीणबाई. गल्लीत कुणाच्याही घरी कार्य असो, पहिला नारळ त्यांच्या हातचा.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातली जुनी काच भंगारात निघाली होती. मी म्हटलं, “अक्का, दोन बीकरं घ्या की घरी. तुम्ही धुतलेलीच आहेत.”

“धुतली म्हणून माझी व्हत्यात व्हय? मग अर्धं कॉलेज माझं.”

एक तुकडाही त्यांनी घरी नेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जी काच त्यांच्या घरी आली ती त्यांनी स्वतः पारखून आणली होती आणि तिचा त्यांना भलताच तोरा होता.

त्याचं कारण रुबिना. माझ्याच वर्गातली. एम.एस्सी. करून ती आसामात चहाच्या कुठल्याशा कंपनीत लागली. तिथून तिनं अक्कांना एक डबा पाठवला. अर्ध्या डब्यात लांब लांब सुटी पानं, आणि उरलेल्या अर्ध्यात कागदात गुंडाळलेले सुपारीएवढे काळपट गोळे.

अक्कांनी त्यातला एक गोळा पातेल्यात टाकला, आलं ठेचलं, साखर घातली, दूध ओतलं आणि खळाखळा उकळला. आमच्याकडं चहा असाच होतो. दुसऱ्या प्रकारे चहा होत असेल असं धाराशिव जिल्ह्यात कुणाच्या मनातही येत नाही. थोड्या वेळानं मला हाक आली. पातेल्यात दुधावर एक लालसर फूल, लांब पानं आणि पांढरा दोरा तरंगत होता.

“पोरी, रुबिनाला फोन लाव. कंपनीच्या मालात दोरा निघालाय. तिला म्हणावं, तुझं नाव खराब व्हायच्या आत साहेबाला सांग.”

मी फोन लावला. रुबिनाला सगळं कळल्यावर ती इतकी हसली की तिला बोलता येईना.

“अक्का, दोरा तो रहनाच ना! फुलाभोवती पानं त्याच दोऱ्यानं बांधतेत. दूध नको, उकळायचं नको. काचेच्या किटलीत गरम पाणी घ्या, वरून गोळा सोडा आणि बसून बघा.”

“काचेचीच कशाला? स्टीलची हाय माझ्याकडं.”

“स्टीलमध्ये फूल उमललेलं दिसंल का, अक्का?”

अक्कांनी पातेल्यात बघितलं. मग ते दूध गाळून त्यांनी शांतपणे पिऊन टाकलं, कारण टाकायचा प्रश्नच नव्हता. फूल मात्र नळाखाली धुतलं, खिडकीत उजेडाला धरलं आणि दोऱ्याची गाठ कुठं मारलीय ते बराच वेळ बघत बसल्या. “बायकांचं काम हाय हे,” म्हणाल्या. “बारीक बोटांचं. एकेक गोळा कुणीतरी बसून बांधलाय. आणि म्या उकळला.”

उमरग्यात काचेची किटली मिळाली नाही. मिळाल्या त्या चिनी मातीच्या, सोनेरी काठाच्या, रुखवतात मांडायच्या. म्हणून आम्ही दोघी एसटीनं सोलापूरला गेलो. अक्कांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला थर्मास होता. मला वाटलं, वाटेत प्यायला चहा.

दुकानदारानं आधी एक गुलाबाची नक्षी काढलेली किटली पुढं केली. अक्कांनी टिचकी मारली, मग बोटानं तिच्या अंगावरून एक रेघ चाचपली. “साच्यात दाबून केल्याली हाय. ही शिवण बघा. गरम पाणी घेईल का?”

“घेते ना मावशी, एकदम हीटप्रूफ.”

“मग ओतू का?” असं म्हणत त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. वाफ निघाली.

“अहो मावशी, इथं नको!”

“का? हीटप्रूफ हाय ना?”

दुकानदारानं ती किटली हळूच त्यांच्या हातातून काढून फळीवर ठेवली. त्यानंतर तो सरळ बोलायला लागला. अक्कांनी एकेक किटली उतरवून घेतली. एकीची तोटी झाकणाच्या काठाच्या खाली होती. “भरतानाच तोटीतनं सांडंल.” एकीच्या तोंडात मूठ जाईना. “तळ कोण घासणार? तुम्ही येणार का उमरग्याला?” एकीच्या कानात दोन बोटं जात होती, तिसरं काचेला टेकत होतं. “चटका.” एकीची पान घालायची जाळीची नळी वरच लटकत होती, अर्धी किटली भरली तर पानापर्यंत पाणीच पोचलं नसतं. एकीचं झाकण किटली तिरपी करताच घसरलं, ते अक्कांनी हवेतच झेललं. दुकानदार पांढरा पडला, अक्का नाही.

शेवटी एक निघाली. साधी, नक्षी नाही, हलकी, सगळीकडं सारख्या जाडीची. पोट रुंद. झाकणाला हवेचं बारीक भोक. जाळीची नळी पूर्ण बाहेर निघणारी. “सुट्या पानाला जाळी पाहिजे,” त्या मला समजावत होत्या, पण ऐकत सगळं दुकान होतं. “फुलाला जाळी नको. फुलाला जागा पाहिजे.” मग नोकराकडून त्यांनी कोमट पाणी मागून घेतलं, ते आत फिरवून ओतलं आणि थर्मासातलं कढत पाणी किटलीत सोडलं. दुकानदार दोन पावलं मागं सरकला. किटली नुसती धुरकटली.

“द्या बांधून.”

“मावशी, तुम्ही कुठं होता नोकरीला?” दुकानदारानं विचारलं.

“काच धूत होते,” अक्का म्हणाल्या.

किटली घरी आली आणि दोनच दिवसांत तिच्यावर पांढरा थर चढला. आमचं बोअरचं पाणी म्हणजे खडू विरघळवलेला. चहावरसुद्धा तेलकट तवंग धरायचा. अक्कांनी व्हिनेगरनं थर काढला, तारेची घासणी घरातूनच हद्दपार केली आणि चहापुरता फिल्टरच्या पाण्याचा जार लावला. ओल्या गार कडप्प्यावर किटली कधी ठेवायच्या नाहीत, खाली घडी घातलेलं फडकं असायचंच. पाणी किती तापलं ते त्या बुडबुड्यावरून ठरवायच्या. “बुडबुडा मव्हरीएवढा झाला की फुलाचं पाणी. ज्वारीएवढा झाला की हिरव्या पानाला उशीर झाला. हरभऱ्याएवढे उसळाय लागले की काळं पान घाल, बिनधास्त.” पान भिजलं की नळी उचलून बाजूला. “भिजवत ठेवलं तर कडू व्हतंय. मग म्हणतेत, चहा वाईट.” फुलाचं मात्र तसंच राहू द्यायचं. एका फुलावर त्या तीनदा पाणी घालायच्या.

आता आमच्या भागातली एक गोष्ट. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कोरा चहा करून आणतात, बिनदुधाचा. त्यामुळं कोरा चहा दिसला की माणसाचा चेहरा आपोआप लांब होतो. अक्कांकडं गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं स्टुलावर ती किटली बघितली, डोक्यावरची टोपी काढली आणि दबक्या आवाजात विचारलं, “कवा गेलं? कोण हुतं?”

“अजून कुणी न्हाय,” अक्का म्हणाल्या. “तू पिऊन बघ, मग ठरवू.”

त्यानं भीत भीत घेतला. साकु म्हणायचं त्याला माहीत नव्हतं, त्यामुळं अर्धा कप त्याच्या पँटवर गेला. पण पुढच्या सिलिंडरला त्यानं स्वतःच विचारलं, “आज फुलाचा हाय का पानाचा?” गल्लीतल्या बाकीच्यांचं मत बदललं नाही. सुलोचनाकाकू म्हणायच्या, “महानंदाबाईंच्या घरी बारा महिने सुतक.” हे विनोदानं म्हणायच्या. मी तो विनोद तेव्हाही गिळला नाही, आताही गिळत नाही.

आता ज्यापायी घर गेलं त्यावर येते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत हळदीकुंकवांची रांग लागते. सगळ्यांत मोठं सुलोचनाकाकूंचं. अक्कांना बोलावणं असायचंच. तिळाचे लाडू वळायला, सतरंज्या घालायला, नंतर भांडी विसळायला. बसायलाही सांगायच्या. “आम्ही त्यांना वेगळं पाडत नाही,” असं काकू अभिमानानं सांगायच्या. मग करंडा यायचा. काकू एकेकीच्या कपाळाला हळदीकुंकू लावत यायच्या आणि अक्कांपाशी आल्या की त्यांचा हात अक्कांच्या वरून पलीकडच्या बाईकडं जायचा. मी लहानपणापासून हे बघत होते. कुणी काही बोलत नसे. बोलावं असं काही घडलंच नाही अशा तोंडानं सगळ्या वाण घेऊन घरी जात. माझी आईसुद्धा.

मोठी झाल्यावर मी पत्रक लिहिलं. विधवांना हळदीकुंकवाचा मान मिळालाच पाहिजे, वगैरे. छापायच्या आधी अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“इतकी उद्गारचिन्हं कशाला गं? उतू गेल्यावानी दिसतंय.”

“राग येतो, अक्का.”

“राग तुला येतोय. हात माझ्यावरनं जातोय.”

मी चिडून म्हटलं, “मग तुम्ही का बोलत नाही? आणि तुम्हाला एवढी कुंकवाची हौस आहे का?”

“मला कुंकवाची हौस न्हाय. इभूत हाय कपाळाला, माझा देव तिथं हाय. पण त्यो हात एकदा थांबला पाहिजे. बावीस वर्षं का थांबत न्हाय, ते मला कुणी तोंडानं सांगितलं न्हाय. सांगावं की. तोंड हाय ना?”

त्याच संक्रांतीला त्यांनी स्वतःच्या घरी हळदीकुंकू ठरवलं. शुक्रवार, दुपारी चार. दारोदार जाऊन निमंत्रण दिलं आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोलल्या, “नवरा असला तरी या, नसला तरी या.” वाण म्हणून चहाची गाळणी. मधोमध किटली, आणि डब्यातलं सगळ्यांत मोठं फूल.

गुरुवारी सुलोचनाकाकू आल्या. मी तिथं गाळण्या पुसत बसले होते. काकू खुर्चीवर बसल्या नाहीत.

“महानंदाबाई, चहाला बोलवा, गप्पा मारायला बोलवा. हळदीकुंकू नको. माझी वास्तू आहे ही. पोराचं आत्ताच लग्न झालंय.”

“वहिनी, माझ्या कुंकवानं तुमच्या पोराला काय व्हतंय?”

“तसं म्हणत नाही मी.”

“मग कसं म्हणताय?”

काकूंनी पदर सावरला. “लोक काय म्हणतील?”

“लोक उद्या चारला येणार हायेत. त्यांनाच इचारू.”

“मग दुसरं घर बघा,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “मी वाईट बाई नाही हं. पण घर बघा.”

“बघते. उद्याचं होऊ द्या, मग बघते.”

काकू गेल्या. मी उठलेच. तक्रार करू म्हटलं, पेपरात देऊ, दारात बायका बसवू. अक्कांनी माझ्या हातातली गाळणी काढून घेतली, कारण मी ती पुसून पुसून वाकडी केली होती.

“घर त्यांचं हाय. खाली करा म्हणल्या, खाली करीन. त्यात त्यांची लबाडी न्हाय. पण घर राहावं म्हणून शुक्रवार सोडला तर ती लाच झाली. म्या कॉलेजातनं बीकर आणलं न्हाय, आता लाच घेऊ व्हय?”

मला हे तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. बावीस वर्षं राहिलेल्या बाईला असं काढता येत नाही, लढायला पाहिजे होतं. ह्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. अक्का उर्दूवर गेल्या तेव्हा मी थांबले.

शुक्रवारी चार वाजले, साडेचार वाजले. सतरंजीवर मी एकटी. अक्का दारात उभ्या राहिल्या नाहीत, आत पाणी तापवत बसल्या. पाच वाजता भाजीवाल्या हौसाबाई आल्या. त्याही विधवा. बसायला सांगितलं तर उंबऱ्याला टेकल्या. त्यांच्या मागून गल्लीतल्या आणखी दोघी आल्या, एकीचा नवरा वारलेला, दुसरीचा सोडून गेलेला. मग सुलोचनाकाकूंची नवी सून अश्विनी. कोण कोण आलंय ते बघून यायला सासूनं पाठवलं होतं. तिनं तसं सांगूनच टाकलं, “आईंनी बघून ये म्हटलंय.” अक्का म्हणाल्या, “मग नीट बघ. बस खाली.” माझी आई आली नाही. हे लिहिते, कारण पत्रकात दुसऱ्याच्या आईबद्दल लिहिणं सोपं असतं.

अक्कांनी किटली फडक्यावर ठेवली, मोहरीच्या बुडबुड्यांचं पाणी ओतलं आणि गोळा सोडला. तो आधी वर तरंगला. मग बुडाला. सगळ्या पुढं वाकल्या. एक पान सुटलं, मग दुसरं, मग सगळी पानं खालून पंज्यासारखी उघडली आणि मधनं ते लाल फूल वर आलं. पाणी हळूहळू सोनेरी झालं. हौसाबाई उंबऱ्यावरून कधी उठून किटलीपाशी आल्या ते त्यांनाही कळलं नाही.

“अगं बया, मेलेलं फूल जित्तं झालं!”

“मेलं नव्हतं. वाळलं हुतं,” अक्का म्हणाल्या.

मी पिशवीतून वही काढली. अक्कांनी बघितलं. “लिहू नको. चहा घे, गार व्हतोय.”

एकेकीला त्यांनी ओतून दिलं. साकु म्हणायचं शिकवलं. अश्विनी एवढ्या हळू म्हणाली की तिची बशी भरली. सगळ्या हसल्या. मग अक्कांनी करंडा आणला, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, विधवांना आधी. कुणी मान मागं घेतली नाही. सगळं झाल्यावर अक्का स्वतः खाली बसल्या आणि करंडा हौसाबाईंपुढं सरकवला.

हौसाबाईंनी दोन्ही हात पदरात लपवले. “अक्का, म्या कशी लावू? माझा हात चालत न्हाय.”

“सकाळी तुझ्या हातची मेथी सगळ्या गल्लीनं खाल्ली. कुणाला काय झालं?”

हौसाबाईंनी हात बाहेर काढला. बोट करंड्यात बुडवलं. त्यांनी विभूतीच्या पट्ट्यांखाली, भुवयांच्या मधे, बोट टेकवलं. हात थांबला. अक्कांनी डोळे मिटले नाहीत, समोर बघत राहिल्या. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता हे मला लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

अश्विनीचा फोन वाजला. ती उठली. जाताना गाळणी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी महिनाअखेर खोल्या सोडायचा निरोप पाठवला. अक्कांनी महिन्याची वाट बघितली नाही. हायवेच्या बाजूला, गॅरेजांच्या मागं त्यांनी एक खोली बघितली. दिवसभर ट्रकचे आवाज, पण मालकानं विचारलं ते एवढंच की माणसं किती. रविवारी सकाळी खाजाभाईंचा टेम्पो आला. खाजाभाई म्हणजे आमच्या भागातले जुने टेम्पोवाले, दाढी पांढरी, अक्कांच्याच वयाचे. त्यांनी, मी आणि हौसाबाईंनी सामान भरलं. कपाट, पलंग, भांडी, जार. किटली अक्कांनी साड्यांच्या गाठोड्यात घालून पायाशी ठेवली.

बाई घर सोडून निघाली की आमच्याकडं तिच्या कपाळाला कुंकू लावतात. माहेरवाशीण असो, पाहुणी असो, बदली झालेली शेजारीण असो. गल्लीतल्या सगळ्या बायका दारांत उभ्या होत्या. सगळ्यांना ही रीत माहीत होती. हौसाबाई टेम्पोच्या मागं, दोन्ही हातांनी पलंग धरून. अक्का मधोमध उभ्या राहिल्या आणि एकेका दाराकडं बघितलं, घाई न करता. सुलोचनाकाकूंच्या दारातून अश्विनी एक पायरी उतरली. आतून हाक आली, “अश्विनी, दूध उतू जाईल.” ती पायरीवरच थांबली. माझी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी पुढं व्हायला निघाले.

“तू न्हाय,” अक्का म्हणाल्या. “तू लावलंस तर पत्रक व्हईल. आणि शुक्रवारी घरातल्या घरात लावलं, ते बी चोरून लावल्यावानीच झालं.”

त्या टेम्पोत पुढं चढल्या, कमरेची पिशवी सोडली, त्यातून कुंकवाची डबी काढली. बाहेरचा आरसा हात लांब करून स्वतःकडं फिरवला.

“अक्का, आरसा नको हलवू, सेट है वो,” खाजाभाई म्हणाले.

“दोन मिनटं. जल्दी काय हाय?”

भर रस्त्यात, सगळ्या गल्लीसमोर, त्यांनी बोट डबीत बुडवलं आणि कपाळाला टेकवलं. मोठं लावलं, रुपयाएवढं. मग खाजाभाईंकडं तोंड केलं.

“नीट हाय का?”

खाजाभाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि तराजू बघावा तसं बघितलं. “जरा बाएं.”

अक्कांनी पदरानं कडेचं पुसलं, थोडं डावीकडं सारलं आणि पुन्हा विचारलं, “आता?”

“अब बरोबर.”

“मग चला की.”